जुना लॅपटॉप, एक्केचाळीस ग्रुप आणि अहिराणी शब्दांची वही : कमी करायचं तर सुरुवात कुठून?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहात. लॅपटॉप २०१५ चा, आय-थ्री, चार जीबी रॅम, विंडोज टेन, आणि तो चालू व्हायला सात-आठ मिनिटं घेतो. फोनमध्ये सव्वाशेच्या आसपास ॲप, व्हॉट्सॲपचे एक्केचाळीस ग्रुप. बारा वर्षांपासून तुम्ही अहिराणीतले शब्द गोळा करताय आणि गेली दोन वर्षं ते काम ठप्प आहे, कारण रात्री लिहायला बसलं की हातात फोन येतो आणि मग अकरा वाजतात. आता तुम्ही विचारताय, सगळं काढून टाकू का, साधा बटणाचा फोन घेऊ का, विंडोज काढून त्याच्या जागी मोफत मिळणारं लिनक्स टाकू का, नक्की करू काय.

मी जळगावात २००१ पासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, आणि घरची केळी आहे यावल तालुक्यात, म्हणून मला जे सुचतं ते केळीवरूनच सुचतं. केळीच्या खोडाला बाजूने पिलं फुटतात. दिसायला हिरवीगार, जोमदार, पण ती मूळ झाडाचंच खतपाणी खातात. म्हणून ती जमिनीलगत कापतात, आणि कापली की संपलं असं नसतं, तीन-चार आठवड्यांनी परत हजर, परत कापायची. झाड निसवलं, म्हणजे त्यातून घड बाहेर आला, की मग त्यातलं एक चांगलं पिलू राखायचं, पुढच्या पिलबागेसाठी, म्हणजे त्याच खुंटावरच्या पुढच्या पिकासाठी. आता शेतात नवीन आलेला मजूर हातात विळा घेऊन पहिलं काय विचारतो? मूळ झाड कोणतं ते दाखवा. तुमच्या प्रश्नात मला तेवढंच खरं महत्त्वाचं वाटलं. तुमचं मूळ झाड म्हणजे ती शब्दांची वही. ॲप किती उरले, रॅम किती खाल्ली, हे नंतरचं. माझ्याकडे येणारे बरेच लोक उलटं करतात, जोशात एका रविवारी साठ ॲप उडवतात, आठ दिवस बरं वाटतं, महिन्याने परत साठ. मूळ झाड ठरलेलंच नसतं ना, मग काय राखायचं आणि काय कापायचं हे कसं कळणार.

म्हणून फोनला हात लावायच्या आधी वहीकडे बघा.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या सात वर्षांच्या फाईली जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहेत आणि नंतरच्या फोनमधल्या एका नोट्सच्या ॲपात. ही दोन्ही ठिकाणं धोक्याची आहेत, आणि हे मी स्वतः भोगून सांगतोय. मी पाच वर्षं गिऱ्हाइकांच्या मशीनच्या नोंदी अशाच एका ॲपात ठेवल्या, कोणाच्या प्रिंटरला कोणता ड्रायव्हर चालला, कोणाच्या राऊटरचं काय सेटिंग, सगळं. एक दिवस अपडेट आला, जुन्या नोंदी बघायला पैसे मागायला लागलं, आणि नोंदी बाहेर काढायचं बटण दाबलं तर एक अशी फाईल मिळाली जी दुसऱ्या कशातच उघडेना. पाच वर्षांचं काम गेलं. तेव्हापासून माझं सगळं साध्या टेक्स्ट फाईलीत असतं. फॉन्ट नाही, रंग नाही, टेबल नाही, नुसती अक्षरं.

जुन्या फॉन्टचं प्रकरण थोडं समजून घ्या, कारण खान्देशातल्या प्रत्येक छापखान्यात, शाळेत, पतसंस्थेत हाच गोंधळ पडलेला आहे. त्या फाईलीत खरं तर मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात, आणि तो ठरावीक फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. फॉन्ट गेला की फाईल म्हणजे कचरा. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट दिसायला लागली विंडोज २००० पासून, आणि एक्सपीत तर ते सेटिंग वेगळं चालू करावं लागायचं, म्हणून लोकांचा हात जुन्या फॉन्टवरच बसून राहिला. आता ते युनिकोडमध्ये आणायचं तर कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे तुमच्या नेमक्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागेल. आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. चुका कुठे होतात ते सांगतो, पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार त्याच्या उलट, दिसतो नंतर, साठवला जातो आधी. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर इथेच घसरतो. म्हणून ज्या जुन्या मशीनवर त्या फाईली अजून नीट दिसतात तिथेच आधी त्यांच्या पीडीएफ करून घ्या, आणि मग रूपांतर झालेला मजकूर त्या पीडीएफशी लावून बघा. आधी पीडीएफ, मग रूपांतर. हा क्रम मोडू नका, कारण उद्या ते जुनं मशीन बसलं तर ताडून बघायला तुमच्याकडे काही उरणार नाही.

मग ही वही कशी ठेवायची? एका ओळीत एक शब्द. पहिला अहिराणी शब्द, मग मराठी अर्थ, मग कुठल्या गावी ऐकला, कोणत्या साली, मध्ये टॅब. म्हणजे 'डोया', टॅब, 'डोळा', टॅब, गाव, साल. 'आंडेर', टॅब, 'मुलगी', टॅब, गाव, साल. बस. हीच फाईल उद्या एक्सेलसारख्या कशातही उघडते, छापायला देता येते, आणि काहीच नसेल तर कुठल्याही मशीनच्या नोटपॅडमध्ये उघडते. युनिकोड मजकूर फाईलीत साठवायची नेहमीची पद्धत म्हणजे युटीएफ-आठ, तिच्यात देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट घेतं, म्हणजे एक लाख शब्दांचा मजकूर धरला तरी दोन एमबीच्या आसपास. ग्रुपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या एका व्हिडिओपेक्षा तुमचं बारा वर्षांचं काम लहान आहे, सर. ते पेनड्राइव्हवर राहतं, ईमेलने स्वतःला पाठवता येतं, दहा ठिकाणी ठेवता येतं.

एक बारीक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती आणि माझे दोन दिवस गेले तिच्यापायी. काही अक्षरं दिसायला एकसारखी असतात पण आत वेगळी साठवलेली असतात. 'ॲ' घ्या. एक 'ॲ' अख्खा एकच अक्षर म्हणून असतो, तो युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, आणि दुसरा 'अ' वर अर्धचंद्र देऊन केलेला असतो. डोळ्याला फरक नाही, पण एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने शोधलं तर कित्येक प्रोग्रामना सापडत नाही. तसंच 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' मधल्या त्या अर्ध्या 'र'चं, तोही दोन तऱ्हांनी टाइप होतो. शब्दसंग्रहात हे फार नडतं, कारण तुम्हाला वाटतं हा शब्द आपल्याकडे नाही आणि तो असतो. म्हणून एकच कीबोर्ड ठरवा, मी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची कीबोर्ड मांडणी वापरतो, पंधरा दिवस जड जाईल मग हात बसतो, आणि फोनवर टाइप केलेलं वहीत टाकायच्या आधी फाइंड-रिप्लेसने ही दोन अक्षरं एका वळणाची करून घ्या.

आता लॅपटॉप. तुम्हाला वाटतंय मशीन म्हातारं झालं, टाकून द्यावं. मला नाही वाटत. विंडोज टेनचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले हे खरं, आणि तुमचा प्रोसेसर विंडोज अकराच्या यादीत बसत नाही हेही खरं, तिथे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे घेतात. पण म्हणून मशीन भंगार होत नाही. मागच्या मे महिन्यात एका जिनिंगच्या मुनीमजींचा लॅपटॉप आला, साधारण तुमच्याच वयाचा. म्हणाले, भाऊ हे चालतं चालतं अर्ध्या तासाने मरून राहिलं, नवीनच घ्यावं म्हणतो. मी खालचे स्क्रू काढले, झाकण उचललं, पंखा सोडवला. पंखा आणि तांब्याच्या पट्टीच्या मध्ये कापसाच्या तुसाचा अख्खा थर बसलेला, गोधडीच्या तुकड्यासारखा, चिमटीने धरला तर एका तुकड्यात बाहेर आला. हवेला वाटच नव्हती. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत हवा कोंडलेली, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आपण विंडोजला शिव्या देतो. साफ केलं, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट सुकली होती ती पुसून नवीन लावली, तेच मशीन आज त्यांच्या गादीवर चालू आहे. काही काढून टाकायच्या आधी आपल्याकडची धूळ काढा, इकडच्या उन्हाळ्यात हे पहिलं काम.

दुसरं, हार्ड डिस्क. तुमच्या सात-आठ मिनिटांचं खरं कारण बहुतेक हेच आहे. टास्क मॅनेजर उघडून बघा, चालू झाल्यावर पहिली पाच मिनिटं डिस्क १०० टक्क्यांवर दिसत असेल. फिरणारी डिस्क एका जागचं सलग वाचायला वाईट नाही, सेकंदाला शंभरेक एमबी काढते, पण चालू होताना मशीनला हजार ठिकाणचे तुकडे लागतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी आतली सुई इकडून तिकडे पळते, तिथे वेळ जातो. त्याच्या जागी बसते ती एसएसडी, चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच. अडीच इंची सॅटा एसएसडी घ्या, २५६ जीबी पुरे, तुमच्या कामाला त्याहून जास्त लागत नाही. दुसरा रॅमचा स्लॉट रिकामा असेल तर चार जीबी आणखी टाका, मात्र त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपना डीडीआर-थ्री-एल लागतो, दुकानात साधा डीडीआर-थ्री देतील तो घेऊ नका, जुना रॅम काढून सोबत न्या आणि त्यावरचं लेबल दाखवा.

लिनक्स टाका, हो. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. मी असल्या मशीनवर त्यातलं डेबियन टाकतो, वर एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, आणि पाचेक वर्षं तिला सुरक्षेचे अपडेट मिळतात, म्हणजे २०३० पर्यंत डोक्याला ताप नाही. नुसतं चालू असताना ते अर्धा-पाऊण जीबी रॅम घेतं, बाकी सगळी ब्राउझरला मोकळी. पण आधी शाळेत नीट विचारून घ्या. शालार्थ (पगाराचं), युडायस (शाळेच्या माहितीचं) ही कामं ब्राउझरात होतात, पण डिजिटल सहीचा डोंगल लागत असेल किंवा कोणी फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं असेल, तर ते शाळेच्या मशीनवर करा, घरचं मशीन त्यासाठी अडकवू नका.

इंटरनेटवर या विषयावर वाचाल तर लोक म्हणतील की खिडक्याच नकोत, सगळं काळ्या टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या कमांड टाइप करायच्या पडद्यावर करा. ते बहुतेक इंग्रजीत लिहिणारे. बऱ्याच टर्मिनलमध्ये आपली जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, 'क्षत्रिय' वाचता येत नाही. मराठी-अहिराणी लिहायचं तर माऊसपॅडसारखा साधा एडिटर घ्या, त्यात अक्षर नीट दिसतं. टर्मिनल एवढ्यासाठी शिका की ग्रेप नावाची एक कमांड आहे, १९७० च्या दशकातली, ती तुमच्या पूर्ण वहीतून 'डोया' असलेल्या सगळ्या ओळी डोळ्याची पापणी लवायच्या आत काढून देते. अक्षर तिथे तुटकं दिसलं तरी सापडतं बरोबर.

आणि सर, एक कळकळीने सांगतो. लिनक्स टाकल्यावर थीम, आयकॉन, वॉलपेपर, ही डिस्ट्रो का ती डिस्ट्रो, यात शिरू नका. मी चांगली हुशार पोरं बघितली आहेत, कमी करायला निघाली आणि सहा महिने डेस्कटॉप सजवत बसली, लिहिलं एक पान नाही. तेही पिलूच आहे, फक्त ते अभ्यासाचा वेश घालून येतं. एका संध्याकाळी बसवा, मराठी कीबोर्ड चालू करा, फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका म्हणजे जाहिराती गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी शब्द लिहायला बसा.

फोनचं सगळ्यात शेवटी. साधा फोन घेऊ नका, निदान तुम्ही. साध्या फोनवरूनही यूपीआय होतं हे खरं, २०२२ पासून १२३पे आहे, माझे काका वापरतात. पण तुम्हाला हजेरीचा फोटो, केंद्रप्रमुखांचा तातडीचा मेसेज, पोषण आहाराची नोंद, हे सगळं स्मार्टफोनवरच मागतात, मग तुम्ही दोन फोन घेऊन फिराल आणि वैताग दुप्पट होईल. नोकरी तुमची आहे, त्यात हट्ट चालत नाही.

ग्रुपमधून बाहेर पडलं की लोक दुखावतात हेही मला माहीत आहे. गावातला ग्रुप, भाऊबंदकीचा ग्रुप, तिथून निघालं की तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी दारात विचारणा होते, काय भो, राग आला का. बाहेर पडू नकाच. एक्केचाळीस पैकी चार निवडा, शाळा, केंद्र, घर आणि अजून एक जो तुम्हाला मनापासून हवा तो. बाकी सदतीस कायमचे म्युट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका. सेटिंगमध्ये 'चॅट अर्काइव्हमध्येच ठेवा' हे चालू असू द्या, म्हणजे नवीन मेसेज आला तरी ते वर येत नाहीत. रविवारी सकाळी एकदा उघडून बघा, कोणाकडे दुःखद बातमी असेल, लग्न असेल ते कळतं. फोटो-व्हिडिओ आपोआप डाऊनलोड होतात ते बंद करा. आणि शाळेचे पीडीएफ वगैरे लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब लावून तिथेच घ्या, म्हणजे ते काम लॅपटॉपवर बसून होतं आणि फोन उचलायचं एक निमित्त कमी होतं.

नोटिफिकेशन फोन, एसएमएस, बँक आणि त्या चार ग्रुपची, बाकी सगळ्यांची बंद. अँड्रॉइड तेरा किंवा पुढचं असेल तर नवीन ॲप आधी परवानगी मागतं, तिथेच नाही म्हणा. यूट्यूब तुम्ही काढू शकणार नाही, शिकवायला लागतं, पण त्याची वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसून टाका. मग पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओच येत नाहीत, कोरं पान आणि वर शोधायची जागा. हे एक सेटिंग मी ज्यांना ज्यांना करून दिलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर फोन करून सांगितलं की रात्रीचा तास परत मिळाला.

सव्वाशे ॲपचं म्हणाल तर एकदम काढू नका. स्क्रीनवरून हलवा फक्त, सगळे आत ढकला, बाहेर आठ ठेवा. तीन आठवड्यांनी बघा, ज्यांना शोधायला तुम्ही आत गेला नाहीत ते काढा. मग दर महिन्याला पंधरा मिनिटं, पगार झाला की त्या रविवारी, हेच परत. नवीन दोन-तीन फुटलेले दिसतील, कोणी दुकानात टाकायला लावलेले, कोणी मुलांनी टाकलेले. कापा. त्यात चिडण्यासारखं काही नाही, बागेत कोणी पिलांवर चिडत नाही.

रात्री फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर न्या, ओसरीत किंवा देवळीत. आणि लॅपटॉप टेबलावर उघडाच ठेवा, वहीची फाईल उघडी, कर्सर शेवटच्या ओळीवर. एसएसडी टाकल्यावर झोपेतून उठायला त्याला दोन सेकंद लागतात. तुम्हाला बसल्या बसल्या लिहिता आलं पाहिजे, इतकंच करायचंय. रोज पाच शब्द. म्हाताऱ्या आजींकडून ऐकलेलं फोनमध्ये रेकॉर्ड करत असाल तर त्या फाईलीला लगेच नाव द्या, आधी साल-महिना-तारीख, मग गाव, आणि आठवड्यातून एकदा लॅपटॉपवर उतरवा. शब्द परत विचारता येतो, तो आवाज परत मिळत नाही.

जळगावला याल तेव्हा लॅपटॉप घेऊन या, सकाळी द्या, संध्याकाळी गाडीच्या आधी मिळेल. फक्त येण्याआधी त्या जुन्या फॉन्टच्या पीडीएफ करून आणा. आणि कोणाकडूनही करून घेतलंत तरी काढलेली हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका, फॉरमॅटही करू देऊ नका. यूएसबीचं केसिंग मिळतं त्यात ती बसवा, वर चिकटपट्टी लावून तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. निदान वर्षभर. कुठल्या तरी फोल्डरात एखादी जुनी यादी राहून गेलेली असते, आणि ती हटकून सहा महिन्यांनी आठवते.